बोअर (धाराशिव जिल्हा)

‘बोअरवेल’ या इंग्रजी जोडशब्दाचे जिल्ह्यातील रूढ रूप. मूळ अर्थ यंत्राने खडकात पाडलेले उभे छिद्र. शेतातले ते बहुधा साडेसहा इंच व्यासाचे असते. बोलण्यात मात्र हा शब्द कितीतरी पसरला आहे. ‘बोअर चालू कर’ म्हणजे आत सोडलेली मोटर. ‘बोअरचं प्यायला चालत नाही’ म्हणजे पाणी. ‘बोअरवर जाऊन ये’ म्हणजे गावातला हापसा. ‘दोन बोअर फेल गेले’ या वाक्यात तर कुटुंबाचे कर्जही येते, आणि ऐकणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. क्रियापदे मारणे, घेणे, पाडणे. विहिरीच्या तळाशी बाजूच्या खडकात घेतात तो ‘आडवा बोअर’.

जिल्हा जवळपास सगळा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात; अखंड काळा पाषाण कोरडाच. त्यामुळे एका बांधाला पाणी लागते आणि शेजारच्या बांधाला नुसती धूळ. हा बेसाल्ट किती जाड आहे, ते किल्लारीने दाखवले; १९८२ पर्यंत ते गाव याच जिल्ह्यात होते. १९९३ च्या भूकंपानंतर तिथे संशोधनासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, त्यात बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. म्हणजे त्या भागात सातशे फूट गेलेला बोअरही बेसाल्टमध्येच थांबतो. आणखी शंभर फूट गेलो तर पाणी लागेलच, या आशेला खडकाचा आधार नाही.

जागा दाखवायला अनेकदा पाणाड्या येतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथे खूण करतात. या पद्धतीला शास्त्रीय पुरावा नाही, पण लाखाचा खर्च समोर असताना माणूस कुठला तरी कौल मागतोच. बोअर मारणारी गाडी अनेकदा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असते. दर फुटावर ठरतो, केसिंगचे, म्हणजे छिद्रात घालायच्या पाइपचे, पैसे वेगळे. मशीन सुरू झाली की करडा फुफाटा उडतो. बांधावर बसलेले घरचे लोक रॉड मोजत असतात. गेरूचा थर आला की धूळ लाल होते, ओल लागली की भुकटीचा चिखल होतो. मग हवेच्या दाबाने पाणी उसळते आणि ‘दीड इंची’, ‘दोन इंची’ असा अंदाज सांगितला जातो. त्या दिवशीची धार उन्हाळ्यात टिकेल याची हमी त्यात नसते.

केसिंग मुरमापुरतीच घालतात. खाली खडक उघडा राहतो. वरच्या थरातले पाणी त्याच वाटेने खोल उतरते आणि जवळची जुनी विहीर आटते. खोल भेगांतले पाणी एकदा उपसले की पुढच्या पावसाळ्यात भरून येईलच असे नाही. ऊस आणि द्राक्षबाग जगवायला घेतलेला बोअर शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत असा पोहोचतो. सातबारा जमिनीचा असतो, खालच्या पाण्याला बांध नसतो.

सार्वजनिक बोअरचा इतिहास वेगळा आणि अभिमानाचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर घेऊन हातपंप बसवण्यास वेग आला. पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क २’ हा पंप शेजारच्या सोलापुरात घडलेल्या पंपाच्या आधारावर तयार झाला. आडावर दोर ओढण्याचे बायकांचे कष्ट त्याने कमी केले.

१९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. ‘विहीर’ या शब्दात बोअरही येतो. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात बंधने घातली. अशा नियमांची अंमलबजावणी कागदावर अधिक, रानात कमी. प्रत्यक्षात चालते ते अधिग्रहण. टंचाईच्या महिन्यांत प्रशासन खासगी बोअर गावासाठी ताब्यात घेते आणि मालकाला मोबदला देते. काही मालक आदेशाची वाट न पाहता गावाला पाइप जोडून देतात.

फेल गेलेल्या बोअरचे तोंड उघडे ठेवणे जीवघेणे आहे. लहान मुले पडून दगावल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. त्यांनुसार असा बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे किंवा छिद्रातून निघालेल्या चुऱ्याने भरायचा असतो. दगड किंवा गोणपाट ठेवून ते काम होत नाही.