रामदास नेमके कोणते? एकाच नावाची माणसं आणि संशोधनातली पहिली पायरी

परतूरला कुणी नुसतं 'रामदास' म्हटलं, तर समोरचा 'कोणते?' असं विचारत नाही. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थांचं जन्मगाव. त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. पण हेच नाव अमृतसरमध्ये घ्या. तिथे ते शिखांचे चौथे गुरू, आणि शहराच्या विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. तेलंगणात भद्राचलमला घ्या, तिथे ते तेलुगू कीर्तनं रचणारे रामभक्त. केरळात कान्हनगडला घ्या, तिथे ते आनंदाश्रमाचे संस्थापक. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला वाटतं, रामदास म्हणजे आपलेच.

तुम्ही पीएच.डी.ची तयारी करताय, पेट किंवा नेटचा अभ्यास चालू आहे, आणि 'संशोधन पद्धती'चं पुस्तक उघडलं की गृहीतक, नमुना निवड, चाचणी वगैरे सुरू होतं. या सगळ्याच्या आधीची एक पायरी पुस्तकात क्वचितच सांगतात: मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो माणूस नेमका कोण? साधा वाटणारा हा प्रश्न इतिहासकारांनी कसा सोडवला, ते आज बघू. मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी आहे, पण हे मला इतिहासाच्या पुस्तकांनी शिकवलं.

चार रामदास, आणि जन्मनाव कुणाचंच रामदास नाही

आधी आपल्या रामदासांपासून सुरुवात करू. जन्म १६०८, रामनवमीचा. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई, आणि मुलाचं नाव नारायण. गुरू रामदासांचा जन्म १५३४ चा, लाहोरचा, आणि त्यांचं आधीचं नाव जेठा. त्यांनी वसवलेल्या गावाला आधी रामदासपूर म्हणत, त्याचंच पुढे अमृतसर झालं. भद्राचलमच्या रामदासांचं मूळ नाव कंचर्ला गोपन्ना. कान्हनगडचे स्वामी रामदास १८८४ मध्ये जन्मले ते विठ्ठल राव म्हणून.

म्हणजे चौघांपैकी कुणालाही पाळण्यात 'रामदास' हे नाव ठेवलेलं नव्हतं. हे नाव म्हणजे एक भूमिका आहे: मी रामाचा दास. अशी भूमिका अनेकजण घेणारच, म्हणून असं नाव अनेकांचं असणारच. संतांच्या, साधूंच्या, कवींच्या नावांबाबत हे पहिलं लक्षात ठेवा. जे नाव मुद्दाम घेतलं जातं, ते पुन्हा पुन्हा सापडतं.

यातली सर्वात फसवी जोडी कोणती? समर्थ आणि गोपन्ना. दोघंही १७व्या शतकातले, दोघंही दख्खनमधले, दोघंही रामभक्त. दोघांच्याही चरित्रात राममंदिर उभारणं हा मोठा प्रसंग आहे. समर्थांचं चाफळला १६४८ मध्ये, गोपन्नांचं भद्राचलमला. गोपन्ना कुतुबशाहीत महसुलाचे अधिकारी होते आणि तानाशहाच्या काळात गोवळकोंड्याच्या तुरुंगात पडले. आता विचार करा. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी आणि तेलुगू, दोन्ही भाषांमधली हस्तलिखितं आहेत, आणि समर्थ संप्रदायाचे मठही तंजावरात होते. अशा ठिकाणच्या यादीत नुसतं 'रामदास, रामभक्तिपर पदे, १७वं शतक' एवढंच लिहिलेलं असेल, तर तुम्ही काय कराल? नाव जुळतं, विषय जुळतो, शतकही जुळतं. निवाडा करणार भाषा, लिपी आणि ते हस्तलिखित कुठून कुणाकडे आलं याचा माग.

एकाच घरातले दोन

पण भाषाही एकच असेल तर? त्यासाठी जांबच्या बाहेर जायला नको. समर्थांचे थोरले बंधू गंगाधरपंत. संप्रदायात त्यांना 'श्रेष्ठ' म्हणतात. त्यांचं दुसरं नाव 'रामीरामदास', आणि 'भक्तिरहस्य', 'सुगमोपाय' या रचना त्यांच्या. इकडे समर्थांच्या रचनांमध्ये 'रामदास', 'दास' या मुद्रा येतात, तशी 'रामी रामदास' हीही येते. आपण सगळे म्हणतो त्या मारुतीच्या आरतीचा शेवट आठवून बघा.

म्हणजे घर एक, आई-वडील एक, भाषा एक, दैवत एक, काळ एक, आणि मुद्राही सारखी. इथे नाव तर उपयोगाचं नाहीच, पण वर सांगितलेल्या कसोट्याही तोकड्या पडतात. मग उरतं काय? प्रत्यक्ष हस्तलिखित. कोणत्या मठातली पोथी, कुणाच्या हातची, कुणासाठी उतरवलेली. शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्याला सत्कार्योत्तेजक सभेतर्फे समर्थ संप्रदायाचे कागद आणि बाडं गोळा करण्यात आयुष्य घातलं, ते याचसाठी मोलाचं. समर्थांनी स्वहस्ते उतरवलेलं वाल्मीकी रामायण धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपलेलं आहे. 'हे अक्षर त्यांचं' असं एका ठिकाणी म्हणता आलं, की दुसऱ्या ठिकाणी तुलना करायला आधार मिळतो.

भास्कर आणि चांगदेव: शिलालेखाची साक्ष

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, गणिताकडे. भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला 'लीलावती' आठवते. पण भारतीय गणितात भास्कर दोन आहेत. पहिल्याने आर्यभटीयावरचं भाष्य इसवी सन ६२९ मध्ये लिहिलं. दुसऱ्याने, म्हणजे लीलावतीकाराने, आपलं जन्मवर्ष स्वतःच्या ग्रंथात सांगितलंय: शके १०३६, म्हणजे १११४. मध्ये जवळपास ५०० वर्षांचं अंतर. 'भास्कर पहिला' आणि 'भास्कर दुसरा' हे आकडे त्यांनी स्वतःला लावलेले नाहीत. आपला गोंधळ होऊ नये म्हणून अभ्यासकांनी ते नंतर लावले.

दुसऱ्या भास्कराच्या घराण्याचा पक्का पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणे गावात मिळाला. तिथला १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्याने मठ स्थापला, ही माहिती त्यात आहे. वंशावळही आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. नीट वाचा. एकाच वंशावळीत भास्कर दोन वेळा येतो. आधीच्या भास्करभट्टाला भोजराजाने 'विद्यापती' ही पदवी दिली होती. कुणी घाईत 'भोजाच्या दरबारातला भास्कर' असं वाचून ते लीलावतीकाराला चिकटवलं, तर पूर्ण शतकाची चूक होते.

आणि चांगदेव? तुम्हाला हे नाव ऐकून 'चांगदेव पासष्टी' आठवली असणार. ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या ज्यांना उद्देशून लिहिल्या ते योगी चांगदेव १३व्या शतकाच्या अखेरचे. ज्योतिषी चांगदेव त्याच शतकाच्या सुरुवातीचा. योगायोग असा, की योगी चांगदेवांशी जोडलेलं चांगदेव हे गाव आणि ज्योतिष्याचं पाटणे ही दोन्ही आजच्या जळगाव जिल्ह्यातच आहेत. शतक एक, प्रदेश एक, नाव एक. पण शिलालेखातल्या चांगदेवाला बाप आहे, आजोबा आहे, राजा आहे, नोकरी आहे. योगी चांगदेवांची कथा चौदाशे वर्षांच्या आयुष्याची. ती अक्षरशः खरी धरली, तर तारखेची कसोटीच निकालात निघते, कारण चौदाशे वर्षं जगणारा माणूस कोणत्याही शतकात बसतो. म्हणून दंतकथेतून आलेलं वय आणि शिलालेखातून आलेली तारीख एकाच तराजूत घालायची नसते.

जाता जाता: भाऊ दाजींचं पाळण्यातलं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. हे नाव घेऊन त्यांचे लेख शोधाल तर हाती फारसं लागणार नाही.

उलटी चूक: एकाचे दोन

आतापर्यंत दोघांना एक समजण्याची चूक पाहिली. तिची उलटी बाजूही आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने 'सुधारक' पत्रात लेख लिहिले. त्यांचं म्हणणं, ज्ञानेश्वर दोन: ज्ञानेश्वरी लिहिणारे वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे. कारणंही विचार करायला लावणारी होती. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची नवी. अभंगांत विठ्ठल ठायी ठायी, ज्ञानेश्वरीत तसा नाही.

आज बहुतेक अभ्यासक ज्ञानेश्वर एकच मानतात. भाषेतल्या फरकाचं दुसरं स्पष्टीकरण मिळतं. ज्ञानेश्वरी पोथीतून उतरत आली आणि १५८४ मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. अभंग मात्र वारकऱ्यांच्या तोंडी राहिले, आणि तोंडी राहिलेली भाषा गाणाऱ्याबरोबर बदलत जाते. ग्रंथ आणि अभंग या दोन प्रकारांची गरजही वेगळी. पण भारद्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो विचारला गेला म्हणूनच पुरावे तपासले गेले.

विज्ञानातही अशी एकाची दोन माणसं होतात. कमला भागवत यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी रॉबर्ट हिल यांच्यासोबत वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर 'नेचर'मध्ये त्यांचा लेख आला, तो भागवत या नावाने, तेही इंग्रजीत डब्ल्यू नाही तर व्ही लिहून. १९४७ मध्ये लग्न झालं आणि पुढचं काम, नीरेवरचं प्रसिद्ध संशोधनसुद्धा, कमला सोहोनी या नावाने. यंत्राला या दोन बाया वाटतात. तुम्ही नुसतं 'सोहोनी' शोधलंत, तर केंब्रिजचं काम गळतं, आणि एका शास्त्रज्ञाचं अर्धं आयुष्य तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमधून नाहीसं होतं. मराठी स्त्रियांच्या बाबतीत हे आजही रोज घडतं.

माझी फजिती, आणि तुम्ही काय करायचं

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण शिकलो ते आपटून. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एका 'एस. पाटील' यांच्या दोन पेपरांवर पूर्ण परिच्छेद रचला होता: सहा वर्षांत लेखकाने आपलं मत कसं बदललं, वगैरे. गाइडनी समासात एवढंच लिहिलं, 'हे एकच आहेत का?' तपासलं तर एक माती रसायनशास्त्रातले, दुसऱ्या पॉलिमरवर काम करणाऱ्या. मत कुणीच बदललं नव्हतं. परिच्छेद चांगला जमला होता, म्हणूनच तो काढताना जास्त लाज वाटली.

तेव्हापासून मी प्रत्येक महत्त्वाच्या लेखकाबाबत पाच गोष्टी वहीत लिहितो: काळ, ठिकाण किंवा संस्था, गुरू किंवा गाइड, सहलेखक, आणि नावाची सगळी रूपं. पाटण्याच्या शिलालेखात चांगदेवाची ओळख पटते ती अशाच गोष्टींवरून: बाप, आजोबा, राजा, गाव, साल. किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नावं एका माणसाची धरू नका. आणि भाषा किंवा विषय वेगळा दिसला म्हणून लगेच दोन माणसंही करू नका. आधी फरकाचं दुसरं कारण आहे का ते बघा.

स्वतःसाठीही एक काम करून टाका. ऑर्किड नावाची १६ अंकी ओळख २०१२ पासून मिळते, तीही फुकट. पहिला पेपर पाठवण्याआधी ती काढा. नाव कसं लिहिणार, मधलं नाव ठेवणार की नाही, स्पेलिंग कोणतं, हे एकदाच ठरवा आणि पदवीच्या कागदांपासून पेपरपर्यंत तेच ठेवा. मैत्रिणींनो, लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण पेपरवरचं नाव काय राहील ते आजच ठरवून ठेवा.

आता तुमच्या संदर्भसूचीतली पहिली दहा नावं काढा आणि प्रत्येकापुढे 'हे नेमके कोण?' याचं एका ओळीत उत्तर लिहा. ज्या नावापुढे ओळ लिहिता येत नाही, त्याचा पेपर सूचीत ठेवण्याआधी पुन्हा उघडून बघा.