बोर्डिंगची पंगत



माझी भाची पुण्यात नोकरी करते, पीजीत राहते. खोलीत तिघी, पण जेवणाचे डबे तीन आणि जेवायच्या वेळाही तीन. "मावशी, दिवसभरात ऑफिसबाहेर कुणाशी बोललेच नाही," असे ती फोनवर म्हणते तेव्हा मला कोल्हापूरची बोर्डिंगे आठवतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातला मुलगा शिकायला कोल्हापुरात आला की पहिला प्रश्न असायचा, राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? जातीबाहेरच्याला कुणी खोली देत नसे, ताट तर दूरच. कित्येक मुले एवढ्याच कारणाने शाळा सोडून गावी परतत. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची. महाराजांनी जागा दिल्या, मदत दिली, कारभार त्या त्या समाजाने पाहिला.

आपल्या मुलांना याचा केवढा आधार झाला! कंदमूळ नसलेले जेवण, सूर्यास्तापूर्वीची पंगत, सकाळी देवदर्शन. घर सोडले तरी घराची शिस्त सुटली नाही. मुलगा पंगतीला दिसला नाही तर चौकशी व्हायची. एकटेपणावर याहून मोठे औषध नाही.

पण मी कॉमर्सवाली, जमेची बाजू लिहिली की नावेची बाजूही लिहावी लागते.

कुंभोजच्या जैन घरात 1887 साली जन्मलेले भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. त्या काळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर स्नान केल्याशिवाय जेवणाच्या जागेत यायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. ज्या पंगतीने मुलांना जवळ घेतले, तिनेच एकाला उठवले. समाज माणसाला सोबत देतो आणि मोडले तर एकटेही पाडतो.

भाऊरावांनी यातून कडवटपणा घेतला नाही. 1919 साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहात, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करत. 1927 साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. घराघरांतल्या बायका रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड. इतिहासाच्या पुस्तकात या मुठीची नोंद कमी असते, पण त्या मुलांचे पोट तिच्यावरच भरले.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्य हे एक अंग आहे. ते आपण बहुधा साधर्मींपुरते धरतो. माझ्या मते भाऊरावांनी तेच वात्सल्य उंबऱ्याबाहेर नेले.

आज मुलांना खोली मिळते, डबाही मोबाईलवर येतो. ताट न दिसल्यावर "आज का आला नाहीस रे?" असे विचारणारे मात्र उरले नाही. तेव्हा जात विचारून दार लावत, आता कुणी काहीच विचारत नाही. दोन्हीकडे पोर एकटेच.

आपल्या सोसायटीत भाड्याने राहणारी दोन-तीन मुले असतीलच. येत्या रविवारी त्यांना जेवायला बोलवा. आडनाव नंतर कळेल. वरण-भात-तूप आणि शेजारी बसणारे माणूस, एवढे पुरते. आपली मूठ एवढीच.