मोटारछंदाची गृहकार्यशाळा

मोटारछंदाची गृहकार्यशाळा : जुनी मोटार दुरुस्त करणे, ती मूळ रूपात आणणे किंवा सुटे भाग जमवून नवी गाडी उभी करणे ही कामे धंदा म्हणून नव्हे, तर हौसेखातर जेथे केली जातात अशी राहत्या घराच्या आवारातील खोली अथवा शेड. मराठीत तिलाही सरसकट ‘गॅरेज’ म्हणतात. मात्र मराठी बोलण्यात गॅरेज म्हणजे आधी मेकॅनिकचे दुकान. गाडी ठेवण्याची खोली हा अर्थ मागाहून येतो. या नोंदीत दुसऱ्या अर्थाच्या खोलीचा विचार केला असून तिच्या बांधकामावर, विशेषतः जमिनीवर, भर दिला आहे. हत्यारे पुढेही घेता येतात. पायाखालची जमीन गाडी आत आल्यावर बदलता येत नाही.

इतिहास : या प्रकारच्या खोल्यांपैकी सर्वांत जास्त लिहिले गेले ते डेट्रॉइटमधील बॅग्ली ॲव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरामागील विटांच्या शेडबद्दल. तेथे राहणारा हेन्री फोर्ड तेव्हा एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत मुख्य अभियंता होता. नोकरीवरून आल्यावर रात्री काम करून त्याने ‘क्वाड्रिसायकल’ तयार केली : दोन सिलिंडरांचे इंजिन, सायकलीसारखी चार चाके, दोन गती, मागे जाण्याचा गिअर नाही. ४ जून १८९६ रोजी पहाटे ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा शेडचे दार गाडीपेक्षा अरुंद असल्याचे ध्यानात आले आणि दाराकडेच्या विटा फोडाव्या लागल्या. विटा कुऱ्हाडीने फोडल्याचे सांगतात. घरमालक आधी संतापला व गाडी पाहून निवळला, असाही भाग या हकिगतीत येतो. तो कितपत खरा मानावा हे वाचकाने ठरवावे. शेडची प्रतिकृती डिअरबॉर्न येथील ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये उभी आहे. मूळ जागी १९२६ मध्ये मिशिगन थिएटर बांधले गेले. पुढे त्याच नाट्यगृहाच्या पोटात मोटारी ठेवण्याचे मजले काढण्यात आले, त्यामुळे नक्षीदार छताखाली आज गाड्या उभ्या असतात. आराखडा काढताना पहिले माप दाराचे घ्यावे हे पटवायला फोर्डच्या शेडहून चांगले उदाहरण सापडत नाही.

इंग्लंडमध्ये पुढे लोटस मोटारी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बनवली, तीही पुढे पत्नी झालेल्या हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागील कुलूपबंद गॅरेजमध्ये. हीच पुढे लोटस मार्क वन म्हणून ओळखली गेली. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळे. तयार गाडीवर लागणारा खरेदीकर अशा संचाला लागत नसे, म्हणून अनेकांनी घरीच गाडी जोडली. संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसल्याने ‘खोलण्याच्या’ सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या शेवटून वाचे, ही आख्यायिका छंदिष्टांच्या तोंडी आजही आहे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली. घरी काम करणाऱ्याला पुस्तकी आधार दिला तो श्रीलंकेत (तेव्हाचे सिलोन) जन्मलेल्या जॉन हेन्सने. गाडी पूर्ण खोलून, पुन्हा जोडून, प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेऊन तयार केलेले त्याचे पहिले दुरुस्तीपुस्तक १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर निघाले.

अमेरिकेतील हॉट रॉड (जुन्या गाड्या बदलून वेगवान करण्याच्या) चळवळीतही घरच्या शेडचा वाटा मोठा आहे.

जागा : प्रीमियर पद्मिनी सुमारे ३.९ मी. लांब व दीड मी.पेक्षा किंचित कमी रुंद. ॲम्बेसेडर सुमारे ४.३ मी. लांब. पार्किंगसाठी २.५ × ५ मी. जागा पुरते, कामासाठी ती पुरत नाही. दोन्ही बाजूंचे दरवाजे पूर्ण उघडून शेजारी माणूस वाकला पाहिजे, शिवाय इंजिन पुढच्या बाजूने बाहेर काढायचे तर बंपरपुढे किमान दीड मी. मोकळे हवे. म्हणून एका गाडीसाठी ४ × ६ मी. ही खालची मर्यादा मानावी. ५ × ७ मी. असल्यास गाडीचे सुटे केलेले भागही मावतात. खोललेली गाडी जोडलेल्या गाडीच्या दुप्पट जागा खाते, हे नवशिक्यांच्या हिशेबात हटकून राहते. दाराची मोकळी रुंदी २.७ मी. तरी ठेवावी. गुंडाळून वर जाणारे लोखंडी शटर जागा वाचवते. पण त्याची गुंडाळी दाराच्या माथ्यावर सुमारे अर्धा मीटर उंची अडवते, हे आधी मोजावे.

जमीन : कामाचे मर्म येथे आहे. दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी दोन-तीन वर्षांत भेगाळते. तिचा थर शक्य तितका काढून टाकून मुरूम भरावा. भराव एकदम न टाकता १५ ते २० सेंमी.च्या थरांत पसरून, पाणी मारून, धुमसाने किंवा यंत्राने चोपावा. ढिला मुरूम कितीही चांगल्या काँक्रीटला दगा देतो. त्यावर दगडी सोलिंग, फटींत बारीक खडी आणि मग जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. हा कागद मिस्त्री हमखास विसरतो. तो नसेल तर जमिनीतील ओल वर चढते आणि कोकणासारख्या दमट हवेत गाडीच्या तळाला वर्षभर गंजाचा खुराक मिळतो. ओल येते की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी : हातभर प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी कडा चिकटवून रात्रभर ठेवावा; सकाळी खालच्या बाजूला दव दिसले तर ओल आहे.

काँक्रीट एम-२० प्रतीचे (पारंपरिक प्रमाण १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू, ३ भाग खडी) आणि १० सेंमी. जाड असल्यास ९०० किग्रॅ.च्या पद्मिनीला भरपूर होते. दोन खांबी लिफ्ट बसवायची असेल तर खांबांच्या जागी जाडी १५ सेंमी. ठेवावी आणि एम-२५ वापरावे. नांगरबोल्टना पकड मिळण्यासाठी ही जाडी लागते. सांधे अडीच ते तीन मी.वर कापावेत, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने भेगा पाडते. वर छोटे बांध घालून निदान सात दिवस पाणी साठवावे. पूर्ण ताकद धरण्यासाठी २८ दिवस मोजतात. इपॉक्सी रंग द्यायचा तर तोही त्यानंतरच.

पृष्ठभागाबद्दल मते निरनिराळी आहेत. घोटलेला कोबा स्वस्त व टिकाऊ असतो, पण ऑइल पितो. शहाबादी फरशी सुंदर दिसते. मात्र फरशीखाली पोकळी राहिली असेल तर जॅकच्या पायाखाली ती फुटते. गाडी चार घोड्यांवर (ती उचलून धरणाऱ्या स्टँडवर) असताना प्रत्येक घोडीवर सव्वादोनशे किग्रॅ.च्या आसपास भार असतो आणि तो घोडीच्या पायांच्या अगदी लहान क्षेत्रावर येतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल ऑइल सांडताच घसरते, म्हणून ती येथे टाळावी. उताराबद्दलही एकमत नाही. पाणी बाहेर जावे म्हणून दाराकडे शंभरास एक उतार (सहा मी.त सहा सेंमी.) द्यावा असे बांधकामवाले सांगतात, चाकांचे कोन मोजणाऱ्याला आणि चाकांच्या स्टुलावर सरकणाऱ्याला तोच उतार छळतो. मधला मार्ग असा की चार चाकांखालची जमीन पाणसळीने समतल ठेवावी आणि उतार दाराजवळच्या शेवटच्या मीटरभरातच द्यावा. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंमी. उंच असावे. त्याहून फार उंच केल्यास आत येणारा रॅम्प चढा होतो आणि लांब, ठेंगण्या गाडीचे पोट उंबऱ्याला घासते.

खड्डा : मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी जमिनीत खड्डा घेतात. घरी तो घ्यावा का, याबद्दल जाणकारांत वाद आहे. बाजूने बोलायचे तर लिफ्टच्या तुलनेत तो फार स्वस्त पडतो आणि छत उंच लागत नाही. विरुद्ध बाजू मात्र वजनदार आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने खड्ड्यात उतरून साचते आणि उणे ४० अंश से.च्या आसपासच्या तापमानालाही ती पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारमाही. धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होते, हे वेगळेच. घ्यायचाच असेल तर रुंदी ८० सेंमी.च्या आत ठेवावी, म्हणजे चाके काठापासून सुरक्षित राहतात. खोली उतरणाऱ्याच्या उंचीनुसार धरावी. बाहेर पडण्याच्या पायऱ्या दोन्ही टोकांना कराव्यात, साधा दिवा आत नेऊ नये आणि वापर नसताना वर जाड फळ्या टाकाव्यात.

छत : इंजिन उचलायला कुप्पी (साखळीचा चेनब्लॉक) टांगायची तर हूक आरसीसी तुळईत, स्लॅब भरतानाच बसवावा. पत्र्याच्या शेडच्या पर्लिनना कुप्पी लटकवणे हा अपघाताला आमंत्रण देणारा प्रकार आहे. तेथे सुटी चाकांची क्रेन वापरावी. दोन खांबी लिफ्टसाठी साधारण साडेतीन मी. उंची लागते. ही उंची जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये सहसा मिळत नाही.

वीज : प्लगची ठिकाणे जमिनीपासून निदान ४५ सेंमी. वर असावीत, कारण वर सांगितलेली पेट्रोलची वाफ. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व स्वतंत्र अर्थिंग आवश्यक. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरेशी होते. म्हणून चार्जर खिडकीपाशी ठेवावा.

हत्यारे : येथे मुख्यतः पान्यांचा विचार केला आहे, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत घोटाळा तेथेच होतो. फियाटच्या घराण्यातील पद्मिनीला मेट्रिक पाने चालतात. जुन्या जीपना इंचातील, नटाच्या समोरासमोरच्या बाजूंतील अंतरावर मोजलेले पाने लागतात. युद्धपूर्व ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ पाने लागतात. त्यांचे माप नटाचे नसून बोल्टच्या जाडीचे असते आणि आट्यांचा कोनही मेट्रिकच्या ६० अंशांऐवजी ५५ अंश. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी., त्यामुळे तेथे १९ चा पाना बिनधोक चालतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी.; त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे गोल करतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला व ऑपेरा हाऊसचा परिसर ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडीखाली शिरण्यापूर्वी घोड्या लावल्याच पाहिजेत.

ब्रेकची धूळ : जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम उडवून साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करावे.

रंगकाम : पूर्ण गाडीचे रंगकाम घरी सहसा करत नाहीत.

शेजार व कायदा : निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे, रात्र म्हणजे १० ते ६. कोनकटर (अँगल ग्राइंडर) लावणाऱ्याने घड्याळाकडे पाहावे. काढलेले इंजिन ऑइल घातक कचऱ्यात मोडते, ते गटारात सोडता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये स्टिल्टखालील पार्किंगची जागा बंदिस्त करून कार्यशाळा करता येत नाही. ही जागा फ्लॅटखेरीज स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्याच एका संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले. परिणामी महाराष्ट्रात हा छंद बंगले, वाडे, शेतघरे आणि औद्योगिक वसाहतीतील भाड्याचे गाळे यांच्या आश्रयाने टिकून आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाडीचे काम सुरू केले की तो व्यवसाय ठरतो.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आडवे येते, आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते अधिक कडक झाले. त्यामुळे परदेशातील ‘किट कार’ (संचातून जोडलेली गाडी) हा प्रकार येथे फारसा रुजलेला नाही. भर मूळ रूप परत आणण्यावर आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. तिचे शुल्क २० हजार रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५ हजार. अशी गाडी रोजच्या प्रवासाला वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच तिला रस्त्यावर आणण्याची मुभा आहे.