बाळाची उंच खुर्ची : कमी खर्चात योग्य निवड

मामाच्या मांडीवर बसून बाळाने चांदीच्या वाटीतील खीर चाखली, उष्टावणाचा सोहळा पार पडला, की दुसऱ्या दिवसापासून घरात एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. दिवसातून दोन-तीन वेळा बाळाला भरवायचे ते कुठे बसवून? पूर्वीच्या भरल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर आजीची मांडी हे होते. आज शहरातील लहानशा सदनिकेत बहुधा एकाच व्यक्तीला एका हाताने बाळ आवरत दुसऱ्या हाताने वाटी-चमचा सांभाळावा लागतो. अशा वेळी बाळासाठीची उंच खुर्ची, म्हणजेच ‘हायचेअर’, घेण्याचा विचार पुढे येतो.

दुकानात गेल्यावर मात्र गोंधळ उडतो. दीड-दोन हजार रुपयांच्या साध्या प्लास्टिकच्या खुर्चीपासून दहा हजारांच्या पुढे जाणाऱ्या गादीदार, चाकांच्या आणि पाठ मागे झुकणाऱ्या खुर्च्यांपर्यंत अनेक प्रकार समोर येतात. पालकांची भावना अशी असते, की बाळाच्या बाबतीत काटकसर नको. परंतु खुर्चीची किंमत आणि तिची सुरक्षितता यांचा थेट संबंध नसतो. किंमत वाढते ती मुख्यतः गादी, चाके आणि खेळणी यांच्यामुळे. बाळाला सुरक्षित ठेवतात त्या गोष्टी मोजक्या असून त्या कमी किमतीच्या खुर्चीतही मिळू शकतात.

धोका कशात आहे?

अमेरिकेतील कोलंबस येथील नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००३ ते २०१० या काळातील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांच्या नोंदींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘क्लिनिकल पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंच खुर्ची आणि बूस्टर खुर्ची यांच्याशी संबंधित दुखापतींमुळे तीन वर्षांपर्यंतच्या सरासरी ९,४०० मुलांना तेथे दरवर्षी उपचार घ्यावे लागत होते. त्यांतील ९३ टक्के घटना पडण्याच्या होत्या आणि सर्वाधिक इजा डोक्याला झालेल्या होत्या. पडण्यापूर्वी मूल काय करत होते याची नोंद ज्या प्रकरणांत होती, त्यांतील दोन-तृतीयांश मुले खुर्चीत उभी राहत होती किंवा तिच्यावर चढत होती.

याचा अर्थ उघड आहे. मुलाला बांधून ठेवणारा पट्टा एक तर लावलेला नव्हता किंवा तो आपले काम करत नव्हता. आपल्याकडील घरांत जमिनीवर गालिचा नसतो, कडक फरशी असते. त्यामुळे ही बाब अधिकच गांभीर्याने घ्यावयास हवी. खुर्ची निवडताना पहिला प्रश्न ‘दिसते कशी?’ हा नसून ‘मूल हिच्यातून उभे राहू शकेल काय?’ हा असावा.

केव्हा घ्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाळाला पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर स्तनपानाच्या जोडीने पूरक आहार द्यावा. मात्र खुर्चीसाठी केवळ वय पुरेसे नाही. बाळाची मान पूर्णपणे सावरलेली असावी आणि थोड्या आधाराने त्याला ताठ बसता यावे. त्याआधी घाईने खुर्चीत बसवलेले बाळ एका कुशीला कलंडते. बाळ अकाली जन्मलेले असेल किंवा त्याची बसण्याची प्रगती संथ असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊनच निर्णय करावा.

पाठ मागे झुकवता येते म्हणून ‘चौथ्या महिन्यापासून उपयोगी’ असे सांगून काही खुर्च्या विकल्या जातात. घन वा दाट अन्न भरवताना मात्र बाळ ताठच बसलेले असावे. रेललेल्या अवस्थेत घास घशात अडकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे या सोयीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

प्रकार आणि त्यांची उपयुक्तता

एकसंध प्लास्टिकची खुर्ची : बैठक प्लास्टिकची आणि पाय धातूचे किंवा प्लास्टिकचे. ही सर्वांत स्वस्त, वजनाला हलकी आणि धुण्यास सोपी असते. आयकिया या स्वीडिश कंपनीची ‘अँटिलोप’ हे याचे जगभर परिचित उदाहरण. कंपनीचे भारतातील पहिले दालन २०१८ मध्ये हैदराबादला आणि त्यानंतरचे २०२० मध्ये नवी मुंबईत सुरू झाले. या खुर्चीचे पाय सुटे करता येतात, परंतु मूळ रचनेत बाळाचे पाय टेकवण्याची सोय नाही.

घडीची गादीदार खुर्ची : मध्यम किमतीच्या गटात हिचीच संख्या जास्त असते. जेवण झाले की मिटून भिंतीला टेकवता येते, ही लहान घरांसाठी मोठी सोय. मात्र उघडल्यावर घडी पक्की बसवणारी कळ खुर्चीला असलीच पाहिजे.

बूस्टर सीट : मोठ्यांच्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधावयाची छोटी बैठक. जागा कमी लागते आणि गावी जाताना सोबत नेता येते. ती भक्कम, चौपायी लाकडी खुर्चीवरच बांधावी. घरोघरी असणाऱ्या हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बांधणे धोक्याचे आहे, कारण मुलाने मागे रेटा दिला की दोन्ही खुर्च्या एकदम उलटू शकतात.

टेबलाला अडकवण्याची खुर्ची : हिला स्वतःचे पाय नसतात, संपूर्ण भार टेबलावर येतो. काचेचे टेबल, भिंतीला लावलेले घडीचे टेबल किंवा एकाच खांबावरचे टेबल असलेल्या घरांनी या प्रकाराचा विचार करू नये.

लाकडी खुर्ची : नॉर्वेच्या स्टोके कंपनीची, पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये रचलेली ‘ट्रिप ट्रॅप’ ही या प्रकारातील प्रसिद्ध खुर्ची. मुलाच्या वाढीनुसार तिची बैठक आणि पायाखालची फळी वर-खाली करता येते. किंमत अर्थातच सामान्य अंदाजपत्रकाबाहेरची आहे. ओळखीच्या सुताराकडून लाकडी खुर्ची करून घेण्याचा पर्याय आपल्याकडे असतो. तसे केल्यास पट्टा भक्कम बसेल, कडा गोल घासलेल्या असतील आणि पॉलिश किंवा रंग मुलांच्या वस्तूंसाठी योग्य असेल, याची खात्री करून घ्यावी.

येथे आणखी एक विचार करण्याजोगा आहे. ज्या घरात सर्वजण जमिनीवर पंगत मांडून जेवतात, तेथे बाळाला एकटे उंचावर बसवण्यात फारसा अर्थ नाही. पट्टा आणि ट्रे असलेली बूस्टर सीट थेट जमिनीवर ठेवली, तर बाळ सर्वांच्या पंगतीत येते. पडण्याची उंची जवळपास नाहीशी होते आणि खर्चही कमी होतो. मात्र ती सीट जमिनीवर ठेवून वापरण्यास योग्य असल्याचे तिच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

पैसे कशासाठी मोजावेत?

पट्टा : दोन खांद्यांवरून, कमरेच्या दोन बाजूंनी आणि पायांमधून येणारा असा पाच टोकांचा पट्टा सर्वांत उत्तम. केवळ कमरेच्या पट्ट्यातून चपळ मूल उभे राहू शकते. याखेरीज दोन पायांमध्ये एक पक्का दांडा किंवा अटकाव असावा, म्हणजे बाळ ट्रेखालून घसरत नाही. ट्रे म्हणजे पट्ट्याला पर्याय नव्हे, हे विसरू नये.

पाया : खुर्चीचे पाय बैठकीपेक्षा रुंद पसरलेले असावेत. अरुंद पायांची खुर्ची कमी जागा व्यापते, परंतु तीच लवकर कलंडते. दुकानात जाण्यापूर्वी घरातील मोकळी जागा टेपने मोजून घ्यावी.

पायांना आधार : मोठ्या माणसालाही उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून निवांत जेवता येत नाही. पाय टेकलेले असले की बाळाची कंबर स्थिर राहते, हात मोकळे होतात आणि चावणे-गिळणे यांकडे लक्ष देता येते. वर-खाली करता येणारी पायफळी असेल, तर तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरते.

स्वच्छता : वाळलेले नाचणीचे सत्त्व किंवा वरण-भात खाचांमधून काढणे हे रोजचे काम होऊन बसते. जितक्या फटी आणि शिवणी कमी, तितकी खुर्ची चांगली. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात गादीच्या आतील फोम वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. गादी हवीच असेल तर तिचे कव्हर काढून धुता यावे. ट्रे सुटा होत असेल तर तो घरातील सिंकमध्ये मावेल काय, हेही पाहावे.

कशासाठी मोजू नयेत?

ट्रेवर लटकणारी खेळणी, संगीत, कप ठेवण्याचे अनेक खाचे आणि जाड गाद्या यांनी किंमत वाढते, उपयोग वाढत नाही. खेळण्यांमुळे बाळाचे जेवणातील लक्ष उडते. चाके सोयीची वाटतात, परंतु गुळगुळीत फरशीवर ती धोक्याची ठरू शकतात. चाके असलीच तर त्यांना ब्रेक असावेत. एकाच खुर्चीचे झोपाळा, टेबल, डुलती खुर्ची असे रूपांतर करण्याची सोयही पारखून घ्यावी. यांतील किती रूपे घरात खरोखर वापरली जातील, याचा हिशेब प्रामाणिकपणे करावा. अनेक उंच खुर्च्या सुमारे १५ किलो वजनापर्यंत किंवा तीन वर्षे वयापर्यंतच वापरावयाच्या असतात, हेही त्या हिशेबात धरावे.

नाममुद्रा पुरेशी नाही

नामांकित कंपनी म्हणजे निर्धोकपणाची हमी, असा समज असतो. परंतु २०१० मध्ये अमेरिकेत ग्रॅको कंपनीला आपल्या ‘हार्मनी’ मालिकेतील सुमारे १२ लाख खुर्च्यांबाबत ग्राहकांना सावध करावे लागले होते. स्क्रू सैल होऊन किंवा प्लास्टिकचे भाग तडकून खुर्ची कलंडण्याचा धोका त्यात आढळला होता. अमेरिकेत उंच खुर्च्यांसाठी सक्तीचे सुरक्षा मानक २०१९ पासून लागू आहे. युरोपात ‘ईएन १४९८८’ हे मानक आहे. खुर्चीवर किंवा माहितीपत्रकात अशा मानकाचा स्पष्ट उल्लेख असल्यास ती जमेची बाजू समजावी. नुसते ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ असे छापलेले असणे म्हणजे काहीच सांगितलेले नसणे.

वापरलेली खुर्ची घ्यावी काय?

जरूर घ्यावी. ही वस्तू जेमतेम दोन-अडीच वर्षे वापरली जाते आणि नंतर माळ्यावर जाते. नात्यातील किंवा सोसायटीतील कुटुंबाकडून ती मिळाल्यास मोठी बचत होते. मात्र पट्टा मूळचाच असावा, बक्कल घट्ट बसावे आणि कोठेही तडा, गंज वा सैल स्क्रू नसावा. खुर्चीच्या नमुन्याचे नाव आणि क्रमांक पाहून ती कंपनीने परत मागवलेल्यांपैकी तर नाही ना, हे तपासावे. जुनी रंगवलेली लाकडी खुर्ची शक्यतो टाळावी. भारतात घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग इतके मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते आणि दात येणारे बाळ खुर्चीची कड चावतेच.

दुकानातील पाच मिनिटांची परीक्षा

• खुर्ची पूर्ण उघडून पाठीवर आणि दोन्ही बाजूंनी हाताने रेटा द्यावा. एखादा पाय सहज उचलला जात असेल तर ती नाकारावी.

• घडीची कळ लावून खुर्ची मिटवण्याचा प्रयत्न करावा. ती मिटता कामा नये.

• बक्कल दहा वेळा लावून-काढून पाहावे. मोठ्यांना ते सहज लावता यावे, परंतु मुलाच्या ओढण्याने सुटू नये.

• ट्रे एका हाताने काढता-घालता येतो काय, हे पाहावे.

• सांधे, बिजागऱ्या आणि ट्रेच्या खालून बोट फिरवावे. जेथे मोठ्यांच्या बोटाला टोचते किंवा चिमटा बसतो, तेथे बाळाच्या बोटालाही तो बसणारच.

• शक्य असल्यास बाळाला बसवून पाहावे. ट्रे छातीजवळ यावा, बाळाच्या हनुवटीपर्यंत चढू नये.

ऑनलाइन खरेदी करताना ही परीक्षा घेता येत नाही. त्यामुळे वस्तू परत करण्याच्या अटी आधी वाचाव्यात आणि खुर्ची घरी येताच पहिल्याच दिवशी ही तपासणी करावी.

घरी आणल्यावर

खुर्ची भिंतीला, ओट्याला किंवा टेबलाला खेटून ठेवू नये. मूल पायाने रेटा देऊन ती मागे उलटवू शकते. गॅस, गरम चहा-आमटीची भांडी, पडद्याच्या दोऱ्या, विजेच्या तारा आणि खिडकी यांपासून ती दूर असावी. बाळाला बसवताच प्रथम पट्टा लावावा आणि नंतर ट्रे. ‘दोनच घास भरवायचे आहेत’ म्हणून पट्टा टाळणे ही सवय होऊ देऊ नये. दर पंधरा दिवसांनी स्क्रू घट्ट करावेत. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे असे घशात अडकणारे पदार्थ ट्रेवर ठेवू नयेत.

आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या बाई बाळाला भरवत असतील, तर पट्टा लावण्याची पद्धत त्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. पालकांनी विचारपूर्वक निवडलेली खुर्ची दिवसभर वापरणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

दाराची घंटा वाजली, फोन आला, कुकरची शिट्टी झाली, तरी बाळाला खुर्चीत एकटे सोडून जाऊ नये. उठावेच लागले तर बाळाला उचलून सोबत घ्यावे. खुर्ची दोन हजारांची असो वा वीस हजारांची, ती बाळाला बसवते. त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम मात्र शेजारी बसलेल्या माणसाचेच असते.