भूमितीला राजमार्ग नाहीं

श्रम टाळून विद्या हस्तगत करूं पाहणाऱ्यास इंग्रजींत 'विद्येला राजमार्ग नाहीं' असें बजावण्याची रीत आहे. मराठींत राजमार्ग म्हणजे सर्वांस मोकळा असलेला प्रशस्त रस्ता. या वचनांत मात्र तो राजापुरत्या राखलेल्या सुखाच्या वाटेचा वाचक आहे.

वचनाचें मूळ ग्रीक आहे. इसवी सनाच्या ५ व्या शतकांतील भाष्यकार प्रोक्लस सांगतो कीं, ईजिप्तचा राजा पहिला टॉलेमी यानें युक्लिडला, भूमिती शिकण्यास 'मूलतत्त्वें' या ग्रंथाहून जवळची वाट नाहीं काय, असें विचारलें. भूमितीस राजमार्ग नाहीं, हें उत्तर त्याला मिळालें. स्टोबीअस हीच कथा शिकंदर व भूमितिज्ञ मेनेक्मस यांच्याविषयीं सांगतो. दोघेही लेखक त्या राजांच्या मागून कित्येक शतकांनीं झाले. तेव्हां संवाद अक्षरशः खरा मानतां येत नाहीं. राजे बदलले, उत्तर तेंच राहिलें.

ग्रीकांच्या डोळ्यांपुढें खरा राजमार्ग होता. सार्डिसपासून सूसापर्यंतचा इराणी सम्राटांचा रस्ता हिरोडोटसनें वर्णिला आहे: ४५० परसंग अंतर, १११ ठाणीं, सामान्य प्रवाशास ९० दिवसांची वाट. राजाचा निरोप मात्र झपाट्यानें जाई. कारण टप्प्याटप्प्यावर ताजा घोडा व ताजा स्वार सज्ज असे. राजाचे श्रम वांचत, ते दुसऱ्यांनीं सोसल्यामुळें.

निरोप असा हातोहात पोंचवितां येतो. समज पोंचवितां येत नाहीं. 'मूलतत्त्वां'च्या १३ खंडांत ४६५ सिद्धांत आहेत. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील चौरसाचा सुप्रसिद्ध सिद्धांत पहिल्या खंडांत ४७ वा येतो. त्रिकोणांची एकरूपता, समांतर रेषेची रचना, चौरसाची रचना, हीं मागचीं पाउलें चुकविणाऱ्यास तो पाठ होईल, पण पटणार नाहीं. तेथें राजाच्या वतीनें धांवणारा स्वार नाहीं.

अठराव्या शतकांत सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटानें हा ग्रंथ अरबीवरून 'रेखागणित' या नांवानें संस्कृतांत आणला. भाषेचा अडसर दूर झाला. सिद्धांतांची चढण मात्र राजाला आणि विद्यार्थ्याला एकच राहिली. राजाच्या आश्रयानें ग्रंथ मिळतो. तो चढून जाण्याचे पाय ज्याचे त्यानेंच आणावे लागतात.