पुनरपि मैदानात : जखमी खेळाडूंच्या साह्याचा थोडा इतिहास

वऱ्हाडातील माणसाला व्यायामाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. अमरावती येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि अवघ्या बावीस वर्षांत, म्हणजे १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसारखे आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखविले. अमरावती-अकोल्याच्या आखाड्यांतून व शाळांच्या पटांगणांतून तरुणांच्या पिढ्या घडल्या. या परंपरेचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु या इतिहासाला एक अबोल बाजूही आहे. जिंकलेल्या मल्लाची मिरवणूक गावभर निघते. त्याच फडात ज्याचा गुडघा निखळला, तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मुकाट्याने घरी जातो. पुढे त्याचे काय झाले, हे विचारावयास सहसा कोणी जात नाही.

खेळाडूसाठी वर्गणी करणे ही गोष्ट महाराष्ट्रास अपरिचित नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी यथाशक्ति पैसे दिले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणून त्या विश्वासाचे चीज केले. परंतु खाशाबा त्या वेळी धडधाकट होते. निघालेल्या वीरास शिदोरी देणे सोपे असते; पडलेल्या वीरास पुनः उठवून रणात उभे करणे ही निराळी, अधिक चिकाटीची गोष्ट आहे. या दुसऱ्या प्रकारच्या दानाची काही उदाहरणे वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

पहिले उदाहरण रक्तदानाचे. मार्च १९६२ मध्ये भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असता बार्बाडोस येथे ग्रिफिथ या जलद गोलंदाजाचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यास लागला. कवटी फुटली. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. ते देण्यास आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल हाही आला. काँट्रॅक्टर वाचले. कसोटी सामना पुनः त्यांच्या वाट्यास आला नाही, तरी डोक्यात धातूची पट्टी वागवीत ते प्रथम श्रेणीच्या मैदानात परतले व पुढे कित्येक वर्षे खेळले. एका पारशी गृहस्थाच्या अंगात त्या दिवशी हिंदूचे, मराठी ख्रिस्त्याचे, पारशाचे आणि सातासमुद्रापलीकडच्या एका कृष्णवर्णीय ख्रिस्ती वीराचे रक्त एकत्र वाहिले. त्या वेळी कोणी कोणाची ज्ञाति विचारली नाही. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारी हा दिवस वॉरेल यांच्या नावाने रक्तदान करून पाळीत आली आहे. एका दानातून सहस्रावधी दाने निपजली ती अशी.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान व मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, मणक्यास इजा झाली आणि पाय निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असता व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले, आणि त्या पाण्यातच त्यांना नवे मैदान सापडले.

इकडे इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली, लंडन ऑलिंपिकच्या प्रारंभाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात मणक्याच्या दुखण्याने खुर्चीस खिळलेल्या सोळा माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली होती. त्या बीजाचा वृक्ष म्हणजे पॅरालिंपिक. पण तेथवर जावयाचे तर प्रवासखर्च हवा, आणि तो पेटकरांजवळ कोठून असणार? येथे क्रिकेटपटु विजय मर्चंट यांची अपंगांसाठी काम करणारी संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. तिने परदेशप्रवासाच्या तिकिटांचा भार उचलला. १९६८ साली पेटकर तेल अवीव येथे खेळले. १९७० साली एडिंबरो येथे त्यांनी पदके मिळविली. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले आणि जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण होय. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळण्यास आपणांस त्यानंतर छत्तीस वर्षे वाट पहावी लागली. शासनाची पद्मश्री पेटकरांस मिळाली ती २०१८ साली. दात्याने मात्र पदकाची वाट पाहिली नव्हती. त्याने पदकाच्या आधी विश्वास टाकला होता.

मर्चंट यांनाच हे का सुचावे? ते गिरणीमालक होते, पैसा होता, हे खरेच. पण त्याहून एक जवळचे कारण मनात येते. १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या, आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करिताना खांद्यास दुखापत होऊन त्यांची कारकीर्द संपली. ऐन यशाच्या दिवशी मैदान सुटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभविले होते. आपणांस जे परत मिळाले नाही, ते दुसऱ्यास मिळावे, ही भावना दानाच्या मुळाशी असली तर त्यात नवल नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कबड्डी, खोखो, कुस्ती या खेळांत गुडघा अवचित पिळतो आणि आतील बंध तुटतो. पूर्वी त्यावर इलाज नव्हता. आज शरीरातीलच स्नायूची दोरी घेऊन नवा बंध बसविता येतो. परंतु शस्त्रक्रियेचे काम एका दिवसाचे. त्यानंतर सामन्यात उतरण्यास बहुधा नऊ महिने वा अधिक काळ लागतो. रोजचा नियमित व्यायाम, जाणकाराची देखरेख, सकस आहार, गावाहून शहरापर्यंतच्या खेपा, आणि कमावता असेल तर बुडालेली रोजी, हा सर्व खर्च नंतरचा असतो. आपली वर्गणी बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी भरून येते व टाके निघताच आटते. मग मुलगा चालू लागतो, पण धावत नाही. राष्ट्रीय पातळीवर १९८२ साली खेळाडूंसाठी कल्याणनिधि स्थापन झाला. तथापि त्याचा मुख्य रोख नामांकित खेळाडूंकडे आहे. तालुक्याच्या सामन्यात पडलेल्या पोरास आधार कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडाच्याच इतिहासात आहे. कापसाच्या व्यापाराने अकोला-अमरावतीच्या पेठा नांदत्या झाल्या, तेव्हा वहीत 'धर्मादाय' असे स्वतंत्र खाते ठेवण्याची व्यापाऱ्यांची रीत होती. गरजवंत दारात येण्यापूर्वीच त्याचा पैसा बाजूस पडलेला असे. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा बांधविल्या, कारण औषधाइतकीच सोबत्याच्या निवाऱ्याची नड असते हे त्या निरक्षर संताने जाणले होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन उभारिले, तेथे कुष्ठरोग्यांना नुसता घास दिला नाही. त्यांच्या हातांना काम दिले. आधीच साठविलेला पैसा, दीर्घकाळ पुरणारी सोबत आणि गेलेले कर्तृत्व परत देणारे साह्य, हे तिन्ही धडे आपल्याच मातीतले आहेत.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती अशी की, घरातील लग्नमुंजीच्या वा वाढदिवसाच्या प्रसंगी थोडी रक्कम या कामासाठी वेगळी काढावी, आणि आपल्या मंडळाने तिचे स्वतंत्र खाते ठेवावे. साह्य एकरकमी न देता खेळाडू मैदानात परतेपर्यंत महिन्याच्या महिन्यास द्यावे. जो मूळ खेळात परतू शकत नाही, त्यास पेटकरांप्रमाणे दुसरे मैदान शोधून द्यावे. मुलींच्या दुखापतीची तर अधिकच आस्थेने विचारपूस व्हावी, कारण त्यांचा खेळ थांबला तर 'बरेच झाले' असे म्हणणारी मंडळी घरोघर भेटतात.

शेवटची गोष्ट थोड्या संकोचाने लिहितो. निधि आपल्या ज्ञातीचा असावा, पण त्यातून देताना ज्ञाति विचारू नये. आपला मुलगा ज्या संघातून खेळतो, त्या संघात सात घरांची सात मुले असतात. चढाईच्या वेळी त्यांनी एकमेकांचे हात धरलेले असतात. त्यांपैकी एक पडला असता आपण फक्त आपलाच उचलावा, हे त्या मुलांसही पटणार नाही. बार्बाडोसच्या रुग्णालयात वॉरेलने जे विचारले नाही, ते आपणही विचारू नये. इत्यलम्.