वेड्यांची शुश्रूषा आणि एक विसरलेला परिचारक

पॅरिस येथील सालपेत्रियेर रुग्णालयांत तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराचें १८७६ सालीं काढलेलें एक मोठें चित्र आहे. चित्रांत डॉक्टर फिलिप पिनेल गंभीर मुद्रेनें उभे आहेत. त्यांच्यासमोर एक तरुण वेडी स्त्री भान हरपल्यासारखी उभी असून तिचा साखळदंड कोणी एक नोकर सोडवीत आहे. दुसरी एक स्त्री कृतज्ञतेनें डॉक्टरांच्या हाताचें चुंबन घेत आहे. मानसोपचाराच्या इतिहासावरील पुष्कळ ग्रंथांत हें चित्र छापलेलें आढळतें. तें पाहणाराच्या मनावर असा ठसा उमटतो कीं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत एक दयाळु विद्वान् वेड्यांच्या कोठडींत शिरला आणि त्यानें केवळ आपल्या आज्ञेनें त्यांचीं बंधनें तोडलीं. कागदपत्रें मात्र असें सांगत नाहींत. ज्याच्यावर पाहणाराची दृष्टि ठरत नाहीं, त्या नोकराच्या जागीं वस्तुतः कोण होता, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण वेड्यांच्या शुश्रूषेचा सगळा इतिहास हा एका अर्थानें त्या नोकराचाच इतिहास आहे.

येथें शब्दाविषयीं एक खुलासा केला पाहिजे. ‘वेडा’ हा शब्द आज कायद्यांतून आणि वैद्यकांतून गेला आहे, व तो गेला हें योग्यच झालें. जुन्या काळच्या गोष्टी सांगतांना मात्र त्या काळचा शब्द आम्हीं ठेविला आहे.

झां-बातिस्त प्युसँ हा १७४५ सालीं पूर्व फ्रान्समध्यें जन्मला. कातडीं कमावणें हा त्याचा धंदा. गंडमाळांच्या विकारानें तो जर्जर झाला आणि पॅरिसजवळील बिसेत्र नांवाच्या अवाढव्य संस्थेंत रोगी म्हणून दाखल झाला. बिसेत्र म्हणजे नुसतें रुग्णालय नव्हे. अनाथ, म्हातारे, भिकारी, गुन्हेगार आणि वेडे अशा सर्वांना एकाच आवारांत कोंबण्याची ती जागा होती. प्युसँ बरा झाला, पण तेथून गेला नाहीं. तेथेंच त्यानें नोकरी धरली, आणि १७८४ च्या सुमारास असाध्य ठरविलेल्या सुमारें दोनशें वेड्या पुरुषांच्या विभागाचा तो मुख्य झाला. त्याची पत्नी मार्गरीत ज्युब्लीन ही या कामांत त्याची बरोबरीची सहकारी होती. वैद्यकाची कोणतीहि पदवी दोघांपाशीं नव्हती.

प्युसँनें पहिला नियम घालून दिला तो आपल्या नोकरांना: रोग्यावर हात उगारावयाचा नाहीं. हा नियम आज साधा वाटतो. त्या काळीं वेड्यांचे रखवालदार हातांत दंडुका घेऊन फिरत, आणि ज्याला मारतां येतें तोच वेड्याला आवरूं शकतो अशी समजूत विद्वानांतहि होती. हा नियम ज्यांना मानवेना त्यांना प्युसँनें काढून टाकलें. त्यांच्या जागीं त्यानें माणसें आणलीं तीं कोठून? बऱ्या झालेल्या, किंवा बऱ्या होत आलेल्या, रोग्यांतून. ज्यानें स्वतः कोठडी भोगली आहे तो दुसऱ्याला सहसा मारणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता. आणि बरें होणाऱ्या मनुष्यालाहि हातीं काम आल्यानें आधार मिळे. या एका युक्तींत आम्हांस प्युसँची खरी प्रतिभा दिसते.

१७९३ सालीं पिनेल बिसेत्र येथें वैद्य म्हणून आले. त्यांनीं प्युसँकडून शिकण्यास आरंभ केला आणि हें ऋण १८०१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत मोकळेपणानें मान्य केलें. १७९५ सालीं पिनेल स्त्रियांच्या सालपेत्रियेर रुग्णालयांत गेले. बिसेत्रमधील लोखंडी साखळ्या निघाल्या त्या १७९७ सालीं, म्हणजे पिनेल तेथून गेल्यावर, आणि त्या काढिल्या प्युसँनें. साखळीऐवजीं गरजेपुरता बाह्या बांधावयाचा अंगरखा त्यानें वापरला. पुढें पिनेलनीं प्युसँ आपल्याकडे यावा यासाठीं खटपट केली, आणि १८०२ सालीं तो सपत्नीक सालपेत्रियेर येथें आला. १८११ सालीं तो वारला. मग दंतकथा कोठून आली? ती मुख्यतः पिनेलचे चिरंजीव सिपियाँ यांनीं १८३६ सालीं रचली. क्रांतिकारकांचा एक पुढारी बिसेत्रला येतो, ‘या जनावरांना सोडणारा तूंच वेडा आहेस काय?’ अशा अर्थाचें विचारतो, आणि पिनेल निर्भयपणें साखळ्या तोडतात, असा तो प्रसंग आहे. पितृभक्तीनें इतिहासाचें केवढें नुकसान होतें याचें हें उदाहरण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें नेहमीं ठेवितों. प्युसँनें स्वहस्तें लिहिलेली टिपणें, वर्षवार रोग्यांच्या तक्त्यांसह, फ्रान्सच्या दप्तरखान्यांत पडून होतीं. तीं डोरा वायनर या विदुषीनें १९७९ सालीं उजेडांत आणलीं.

प्युसँला देव्हाऱ्यांत बसविण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. पिनेलच्याच ग्रंथांत एक हकीकत आहे. एक रोगी अन्न घेईना. प्युसँ रात्रीं नोकरांस घेऊन, साखळ्यांचा खणखणाट करीत, त्याच्या दाराशीं गेला, समोर सूप ठेविलें आणि दरडावून निघून आला. रात्रभर मनाशीं झगडून रोग्यानें तें सूप घेतलें. मनुष्य वांचला, पण वांचविलें तें भीतीनें. मिशेल फुको यानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत याच सुधारकांवर टीका केली कीं, त्यांनीं हातापायांची बेडी काढून ती मनाला घातली. हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि ज्याच्या घोट्याला लोखंडाचे व्रण पडले आहेत त्याला दोन बेड्यांमधला फरक विचारावा, ग्रंथकाराला नव्हे.

याच सुमारास इंग्लंडांत, पिनेल-प्युसँ यांची वार्ताहि नसतांना, दुसरा एक प्रयोग चालला होता. १७९० सालीं यॉर्क शहरांतील वेड्यांच्या इस्पितळांत हॅना मिल्स नांवाची एक क्वेकर विधवा दाखल झाली. तिच्या पंथाचे लोक भेटीस गेले. त्यांना भेटूं दिलें नाहीं. कांहीं आठवड्यांत ती मरण पावली. बंद दाराआड काय घडलें तें कोणास कळलें नाहीं, आणि हें न कळणेंच विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यास असह्य झालें. त्याच्या पुढाकारानें १७९६ सालीं क्वेकर लोकांनीं ‘रिट्रीट’ ही संस्था उघडली. तिचा कारभार जॉर्ज जेप्सन आणि कॅथरिन ॲलन या दोघांनीं पाहिला. पुढें १८०६ सालीं त्यांनीं परस्परांशीं विवाह केला.

ट्यूकचा नातू सॅम्युएल यानें १८१३ सालीं या संस्थेचें वर्णन लिहिलें. त्यांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सुमारें चौतीस वर्षांचा एक धिप्पाड मनुष्य बेड्या घालून तेथें आणण्यांत आला. त्याच्या हातांतील बेड्या काढण्याची कोणाची छाती नसल्यानें, त्या न काढतां घालतां-उतरवतां यावे असे नाड्यांचे कपडे त्याच्यासाठीं शिवविले होते. रिट्रीटमध्यें पाऊल टाकतांच बेड्या काढण्यांत आल्या, आणि जेथें व्यवस्थापक रात्रीचें जेवण घेत होते त्या खोलींत त्याला नेण्यांत आलें. पुढें त्याला सांगण्यांत आलें कीं, येथें बंधन घालण्याची कोणाची इच्छा नाहीं. तुम्हीं स्वतःस आवरलें तर त्याची गरजहि पडणार नाहीं. त्याला झटके आले. तो ओरडे, धमक्या देई. तेव्हां व्यवस्थापक त्याच्याजवळ जाऊन बसे. चार महिन्यांनीं तो बरा होऊन घरीं गेला. या वृत्तान्तांत औषधाचें नांव नाहीं. रिट्रीटमध्यें झोंप न येणाऱ्या रोग्याला रात्रीं पोटभर जेवण देत. अंगणांत ससे, कोंबड्या असे जीव पाळीत, कीं आपल्याहून दुबळ्या प्राण्याची काळजी घेतांना रोग्याचें मन स्वतःपासून सुटावें. हें सर्व करावयास माणसें लागतात, आणि तीं पुष्कळ लागतात. रिट्रीट आरंभीं तीसेक रोग्यांसाठींच होतें, हें येथें विसरतां कामा नये.

कारण पुढची सगळी शोकान्तिका या संख्येंत आहे. १८३९ सालीं जॉन कॉनोली हा लंडनजवळील हॅनवेलच्या इस्पितळाचा मुख्य झाला. तेथें सुमारें आठशें रोगी होते. चारच महिन्यांच्या आंत त्यानें पट्टे, बेड्या, बांधून ठेवण्याच्या खुर्च्या हीं सर्व साधनें बंद केलीं. लिंकन येथें रॉबर्ट गार्डिनर हिल यानें त्याआधीं हें करून दाखविलें होतें; पण एवढ्या मोठ्या ठिकाणीं हें साधेल असें कोणास वाटलें नव्हतें. कॉनोली पुन्हां पुन्हां एकच गोष्ट लिहीत असे: पट्टा काढावयाचा तर त्या जागीं माणूस उभा करावा लागतो, तो चांगला निवडावा लागतो, त्याला चांगला पगार द्यावा लागतो. त्याची कीर्ति झाली, आणि त्याच्या मागणीकडे दुर्लक्ष झालें. १८५१ सालीं कॉलनी हॅच येथें साडेबाराशें रोग्यांसाठीं नवें इस्पितळ बांधलें. पुढें तेथील संख्या दोन हजारांच्या वर गेली. तेथेंच १९०३ सालीं एका लाकडी इमारतीला आग लागून पन्नासांहून अधिक स्त्रिया जळून मेल्या. जेथें एका परिचारकाच्या वांट्याला रोग्यांचा कळप येतो, तेथें दयेचे नियम भिंतीवर टांगलेलेच राहतात.

परिचारकास शिकविलें पाहिजे, ही कल्पना यायला बराच काळ गेला. स्कॉटलंडांत डम्फ्रीस येथें डब्ल्यू. ए. एफ. ब्राउन यानें १८५४ सालीं आपल्या नोकरांपुढें व्याख्यानें दिलीं. १८८२ सालीं अमेरिकेंत मॅक्लीन इस्पितळांत मनोरुग्णांच्या परिचारिकांसाठीं शाळा निघाली. १८८५ सालीं ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघानें परिचारकांसाठीं एक लहानसें पुस्तक छापलें; पुढें त्याला लोक ‘लाल पुस्तक’ म्हणूं लागले. १८९१ पासून परीक्षा सुरू झाल्या. १९१९ च्या कायद्यानें परिचारिकांची नोंदवही झाली, तेव्हांहि मनोरुग्णांची शुश्रूषा करणारांना मुख्य नोंदवहींत जागा मिळाली नाहीं. त्यांच्यासाठीं निराळी पुरवणी ठेवण्यांत आली. ज्याला समाज दूर ठेवितो, त्याची सेवा करणाराहि दूरच ठेविला जातो.

आमच्याकडे या विषयाची ओळख बहुतेकांना थट्टेनेंच होते. कोणी विचित्र बोलला कीं ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ असें आपण सहज म्हणतों. ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालीं नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगींतून उभें राहिलें. रत्नागिरीचें त्याहून जुनें आहे. १८५८ आणि १९१२ या दोन्ही सालच्या कायद्यांत वेड्याला कोणीं व कसें डांबावें याचा विचार फार, त्याच्याजवळ कोणीं बसावें याचा थोडा. १९४६ सालीं भोर समितीनें हिशेब मांडला, तेव्हां उभ्या हिंदुस्थानांत मनोरुग्णांसाठीं सुमारें दहा हजार खाटा होत्या. बंगळूरची संस्था १९५४ सालीं निघाली आणि तेथें परिचारिकांना या शुश्रूषेचें स्वतंत्र शिक्षण मिळूं लागलें.

बाकीची शुश्रूषा घरांत होत होती, आणि आजहि होते. वार्धक्यांतील स्मृतिभ्रंशाचेंच घ्या. १९०६ सालीं आलोईस आल्त्सहायमर यानें एका मृत स्त्रीच्या मेंदूचें वर्णन जर्मन डॉक्टरांच्या सभेंत केलें आणि १९१० सालीं क्रेपेलिनच्या ग्रंथांत त्या रोगाला त्याचें नांव मिळालें. आपल्या घरांत त्याला ‘म्हातारचळ’ म्हणत. आजोबा रात्रीं उठून ‘मला घरीं जाऊं द्या’ म्हणून आपल्याच घराची कडी काढूं लागत. तेव्हां अंथरूण सोडून उठे ती बहुधा सून. तिला कोणतेंहि लाल पुस्तक मिळालें नव्हतें. आजोबांशीं वाद न घालतां ‘सकाळीं जाऊं हं, आतां बाहेर अंधार आहे’ असें म्हणण्याची युक्ति तिला कोणीं शिकविली होती?

आणि जेथें घरचीं माणसें थकलीं तेथें काय झालें, तें तमिळनाडूंतील एरवाडी येथें दिसलें. बरें वाटेल या आशेनें आप्तांनीं तेथील दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रयस्थानांत रोगी आणून ठेविले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे अशा एका झोंपडीला आग लागली. रोगी साखळ्यांनीं बांधलेले होते. अठ्ठावीस जण मेले. बिसेत्रच्या साखळ्या निघाल्या त्यास तेव्हां दोनशें चार वर्षें झालीं होतीं. २०१७ च्या कायद्यानें रोग्याला कोणत्याहि प्रकारें साखळीनें बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. पण हॅनवेलचा प्रश्न, म्हणजे साखळीच्या जागीं कोण उभा राहणार, याचें उत्तर केवळ कलमानें मिळत नाहीं.

त्याचें एक उत्तर एरवाडीच्या कितीतरी आधीं, १९५० नंतरच्या दशकांत, अमृतसरच्या मानसिक रुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं शोधलें होतें. रोगी फार, नोकर थोडे, आणि घरचे लोक रोग्याला दाराशीं सोडून जाणारे. डॉक्टरांनीं रुग्णालयाच्या आवारांत तंबू उभारले आणि आप्तांना सांगितलें कीं, रोग्याबरोबर तुम्हीहि राहा. आया, भाऊ, बायका, बाप त्या तंबूंत राहिले. रोग्याला जेवूं घालणें, न्हाऊं घालणें, फिरविणें हें त्यांनींच करावयाचें. डॉक्टर रोग्यांना आणि आप्तांना एकत्र बसवीत, आणि हा रोग म्हणजे काय, रोग्याशीं कसें बोलावें, घरीं गेल्यावर काय करावें, हें साध्या भाषेंत समजावून सांगत.